‘आपलंच हाय की!’ : सातारा-सांगलीत घरोघरी प्रचाराला निघताना

कृष्णाकाठच्या कुठल्याही गावात दारात उभं राहून मत मागा, बहुतेक उंबऱ्यांवरून एकच उत्तर येतं: “आपलंच हाय की, काळजीच करू नका.” तासाभराने दुसऱ्या पॅनेलची माणसं आली की त्यांनाही तेच ऐकायला मिळतं. यात लबाडी नाही. दारात आलेल्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही, एवढीच रीत आहे. पण नवा कार्यकर्ता ते खरं धरतो आणि यादीत सगळीकडे बरोबरची खूण करत सुटतो. त्याचा नेता मतदानाच्या आदल्या रात्री निवांत झोपतो आणि मतमोजणीच्या दिवशी अकरा वाजता जागा होतो. खरा होकार आणि पाहुणचाराचा होकार यांतला फरक ओळखून तो यादीवर नोंदवणं, हेच घरोघरी प्रचाराचं काम. पत्रक तर पेपरवाला पोरगाही टाकू शकतो.

पक्ष कुठलाही असो, लोकसभा असो की ग्रामपंचायत, पद्धत फारशी बदलत नाही. जिथे बदलते तिथे तसं सांगितलं आहे.

आधी यादी

पहिले दोन-तीन दिवस कुणाच्याही दारात जायचं नाही. मतदार यादीचा आपला भाग घेऊन बसायचं. एका भागात साधारण हजार-बाराशे नावं असतात, एका पानावर तीस. शेवटी पुरवणी जोडलेली असते. नवीन, वगळलेली आणि दुरुस्त नावं तिच्यात असतात. पुरवणी न बघता फिरणारे लोक वगळलेल्या माणसाच्या दारात मतदार चिठ्ठी घेऊन जातात आणि नव्याने अठरा पूर्ण केलेल्या पोराला विसरतात.

यादी घर क्रमांकाने लावलेली असते असं म्हणतात. सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या शाहूपुरीत ते बऱ्यापैकी खरं असतं. खेड्यात घर क्रमांकाचा भरवसा नसतो. एकाच आकड्याखाली तीन भावकीतली वीस माणसं सापडतात आणि सख्खे शेजारी दहा पानांच्या अंतरावर निघतात. म्हणून गावातला एक जाणता माणूस (जुना पोस्टमन, दूध संस्थेत माप घेणारा, रेशन दुकानात बसणारा) शेजारी बसवून यादी गल्लीनुसार उतरवून काढा. एका कागदावर एक गल्ली, चालायच्या क्रमाने. प्रत्येक घरासाठी चार-पाच ओळी: अनुक्रमांक, नाव, वय आणि खुणेसाठी मोकळी जागा. अनुक्रमांक चुकवू नका, पुढे चिठ्ठी त्यावरूनच निघते.

हे करतानाच तीन प्रकारची नावं वेगळी काढायची. मयत. दुबार, म्हणजे इथेही आणि पुण्यातही. आणि लग्न झालेल्या मुली: नाव माहेरी, राहायला सासरी. उलट घरात आलेल्या सुनेचं नाव अजून तिच्या माहेरच्या गावात असतं. यादीत नवं नाव घालायला नमुना ६, वगळायला नमुना ७, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला नमुना ८. हे अर्ज केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे (लोक त्याला बीएलओच म्हणतात) किंवा ऑनलाइन भरता येतात, पण निवडणूक तोंडावर आल्यावर नाही. उमेदवारी अर्ज भरायची मुदत संपली की यादी गोठते. पालिका आणि जिल्हा परिषदेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. तिथे नाव नसेल तर इथेही नसतं. त्यामुळे हे काम निवडणूक जाहीर होण्याच्या किती तरी आधीचं आहे, आणि कार्यकर्ते ते हमखास शेवटच्या आठवड्यात आठवतात.

अपशिंग्यासारख्या फौजी गावात आणखी एक गोष्ट. सेनादलातल्या मतदारांची यादी स्वतंत्र असते आणि त्यांचं मत टपालाने जातं. केंद्राच्या यादीत त्यांना शोधत बसू नका.

किती घरं, किती दिवस

हिशेब मांडूनच निघा. घरटी चार मतं धरली तर एका भागात अडीचशे ते तीनशे घरं. गल्लीत एका घराला चार मिनिटं लागतात. संध्याकाळच्या अडीच तासांत सदतीस घरं होतात असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात कुलपं, एखादे आजोबा, वाटेत भेटलेला पाहुणा धरून तीस. मळ्यात आणि वस्तीवर पंधरा झाली तरी पुष्कळ. म्हणजे एका जोडीला एक फेरी पूर्ण करायला नऊ-दहा संध्याकाळी हव्यात. लोकसभा-विधानसभेला अर्ज माघारीपासून मतदानापर्यंत कायद्याने किमान १४ दिवस मिळतात. चिन्ह हातात पडल्यावर सुरुवात करू म्हणणाऱ्याची एक फेरी कशीबशी होते, दुसरी होत नाही. आणि निकाल बदलतो तो दुसऱ्या फेरीने.

वेळ गावाच्या घड्याळाने ठरते. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा ही धारांची आणि डेअरीची वेळ. त्या वेळी गोठ्यात वाकलेल्या माणसाला जाहीरनामा ऐकवू नका. संध्याकाळी साडेसहा ते नऊ चांगली. नऊनंतर खेड्यात दार वाजवणं म्हणजे वाईट बातमी. शहरी सोसायटीत रविवारी दहा ते एक. बाजाराच्या दिवशी दुपारी गाव मोकळं असतं, जत्रेच्या दिवशी भरलेलं असतं पण कुणाचं लक्ष नसतं. शेतीची वीज रात्रपाळीची असेल त्या आठवड्यात माणूस रात्रभर पाण्यावर असतो, दुपारी उठवलात तर मत गेलंच समजा.

हंगामही बघा. २०२४ ची लोकसभा इथे ७ मे रोजी झाली, विधानसभा २० नोव्हेंबरला. मेमध्ये सकाळी अकरानंतर माणदेशात कुणी अंगणात थांबत नाही. नोव्हेंबरमध्ये तासगाव-पलूसकडे द्राक्षवाले सकाळी फवारणीत, पाटण-जावळीत भाताची मळणी, आणि ऊसपट्ट्यात तोड सुरू. तेव्हा माणूस बांधावरच गाठायचा. गाडी रस्त्यावर लावा आणि पिकातून वाट काढू नका. सरीतून चालत आलेला कार्यकर्ता काय बोलला ते कुणाच्या लक्षात राहत नाही, काय तुडवलं ते राहतं.

जोडी आणि पिशवी

दोघं. तिघं झाले की चर्चा होते, पाच झाले की दार उघडणारी बाई बिचकते, आणि वीस जण ढोल घेऊन निघाले तर ती पदयात्रा. तिचाही उपयोग आहे, पण यादीवर खूण तिच्यातून होत नाही. दोघांत एक महिला असावीच. ओसरीवरचे आण्णा-तात्या बोलून मोकळे होतात, खरी चर्चा स्वयंपाकघरात होते आणि तिथे बाईलाच जाता येतं. एक जण त्या गल्लीतला असावा. दोघंही त्याच गल्लीतले असू नयेत, कारण जुन्या बांधाच्या भांडणाचा धागा कुणाचा तरी कुणाशी असतोच.

पिशवीत गल्लीवार यादी आणि पॅड, दोन पेनं आणि एक पेन्सिल (पावसाळ्यात पेन फुटतं), घरांच्या संख्येपेक्षा दहा टक्के जास्त पत्रकं, पाण्याची बाटली, बॅटरी. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता आहे का ते स्वतः बघा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ प्रमाणे ते नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. सोशल मीडियावरून उतरवून झेरॉक्स केलेलं निनावी पत्रक कुणी हातात दिलं तर तिथेच परत करा.

सरकारी नोकर आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना प्रचारात घेऊ नका, ते कितीही उत्साही असले तरी. लहान मुलांच्या हातातही झेंडा-पत्रक द्यायचं नाही, आयोगाची त्याला मनाई आहे.

दारात

अंगणातूनच हाक द्यायची: “हाय का कुणी घरात?” उंबऱ्याच्या आत बोलावल्याशिवाय पाऊल नाही. दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आत शांतता असेल तर थांबा, शेजारी विचारा. सुतकाच्या घरात पत्रक घेऊन शिरलेला माणूस पुढची पाच वर्षं गावाच्या तोंडी असतो. पाणी दिलं तर घ्या. चहाला हात जोडा, कारण तीस घरांत तीस कप होतात आणि एका घरी घेतलात की शेजारच्या घरी नाही म्हणता येत नाही.

पहिलं वाक्य वीस सेकंदांचं. मी कोण, कुठल्या गल्लीतला, कुणासाठी आलोय. त्यानंतर लगेच प्रश्न, भाषण नाही. “मावशी, पाणी कितव्या दिवशी येतंय?” हा प्रश्न “आमचे उमेदवार कार्यसम्राट आहेत” यापेक्षा शंभर पटींनी बरा. प्रश्न त्या त्या भागाचा असावा. जत, आटपाडी, माणमध्ये टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांच्या पाण्याबद्दल विचारा. सांगलीच्या गावभागात किंवा कृष्णाकाठी २०१९ आणि २०२१ च्या पुराची गोष्ट निघतेच: भिंतीवरची पाण्याची रेघ अजून दाखवतात. पाटणच्या डोंगरात वाडीचा रस्ता. साताऱ्यात २०२० च्या हद्दवाढीत आलेल्या भागात गटार आणि घरपट्टी. माणूस बोलायला लागला की आपण गप्प. चार मिनिटांतली अडीच त्याची.

उत्तर माहीत नसेल तर “विचारून सांगतो” म्हणायचं, त्याच्यासमोर वहीत लिहायचं आणि दोन दिवसांत परत जाऊन सांगायचं. उत्तर ‘नाही’ असलं तरी जाऊन सांगायचं. “मी करून देतो” हे वाक्य तोंडातून काढू नका. तुम्ही निवडून येणार नाही आहात.

एका दारातला नमुना पाहा.

“काकी, यंदा काय ठरलंय घरात?”
“आमचं काय, आपलंच हाय की.”
“तसं म्हणू नका. आमच्या माणसावर राग असंल तर सांगा, ऐकायलाच आलोय.”
(थोडं थांबून) “राग कशाचा. पण दोन वर्सं झाली, विजेचा डीपी जळल्यावर फोन केला तर उचलत न्हाई कुणी.”

इथे खरी भेट सुरू झाली. रागाला वाट करून दिली नसती तर यादीवर पक्का होकार लागला असता, आणि मत डीपीसकट दुसरीकडे गेलं असतं.

खूण कशी करायची

खूण घराला नाही, माणसाला. “आमच्या घरची पाच मतं तुम्हाला” असं कर्ता पुरुष सांगतो, तेव्हा तुम्हाला फार तर एक मत मिळालं आहे. सून, कॉलेजचा मुलगा आणि पुण्यात कंपनीत असलेला थोरला यांच्याशी बोलणं अजून व्हायचंय.

आकडे सोपे ठेवा. १ पक्का आपला, २ आपल्याकडे झुकलेला, ३ कुंपणावरचा, ४ तिकडे झुकलेला, ५ पक्का तिकडचा. अक्षरं वेगळी: म मयत, बा बाहेरगावी, दु दुबार, भे भेट नाही. आकडा दारात लिहायचा नाही. चार पावलं पुढे जाऊन, कोपऱ्यावर, पण पुढच्या घराच्या आधी. दहा घरं करून पारावर बसून आठवून लिहिणाऱ्यांच्या यादीत सगळे १ आणि २ निघतात.

आता शब्दांचे अर्थ. “काळजीच करू नका” याला ३ द्या. “बगू की, लांब हाय अजून” हाही ३, पण प्रामाणिक ३, त्याच्याकडे परत जायचं. “भावकीचं ठरंल तसं” म्हणजे या घरात वेळ घालवू नका, ठरवणारा कोण ते शोधा. “आमच्या ह्यास्नी इचारा” म्हणणारी बाई बऱ्याचदा स्वतःचं ठरवून बसलेली असते. तिच्याशी तुमच्या जोडीतल्या बाईने एकटीने बोलावं. “तुमचं पत्रक ठिवा हितं” आणि नजर टीव्हीकडे, हा ४. जो तुम्हाला फैलावर घेतो, मागच्या वेळचं सगळं बाहेर काढतो आणि तरी दारातून जाऊ देत नाही, तो पुष्कळदा २ असतो. परक्यावर एवढा घसा कोण बसवतो? आणि १ फक्त त्याला, जो स्वतःहून पुढचं काहीतरी सांगतो: “माझ्या भावाच्या घरी जा, मी फोन करतो” किंवा “बूथवर बसायला माणूस पाहिजे का?”

पाचच्या दारात वाद घालायचा नाही. राम राम, पत्रक, पुढे. विरोधी उमेदवाराचे कार्यकर्ते गल्लीत समोर आले तरी तेच. रात्री एकाच टपरीवर चहाला भेटणारे लोक आहात.

जिल्हा परिषदेला मतदाराची दोन मतं असतात, एक गटाला आणि एक पंचायत समितीच्या गणाला. पालिकेत नगराध्यक्षाचं वेगळं आणि प्रभागातल्या नगरसेवकांची वेगळी. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत एका प्रभागात चार जागांपर्यंत. अशा वेळी एकच आकडा पुरत नाही. “एक तुम्हाला, एक त्यास्नी” हे इथलं जुनं गणित आहे, म्हणून दोन रकाने करा आणि कुठलं मत कुठं ते विचारा. लोक यात लाजत नाहीत, उलट विचारणारा जाणता वाटतो.

बाहेरगावची मतं

विटा-आटपाडी-खानापूरची गलाईवाली (सोनं-चांदी गाळणारी) माणसं देशभर पसरलेली, पाटण-जावळीचे मुंबईत, माण-खटाव आणि जतचे कितीतरी पुण्या-मुंबईला. चुरशीच्या गावात ही मतं निकाल फिरवतात. घरातल्या आईकडून फोन नंबर मागा आणि तो कशासाठी हे सांगूनच घ्या. मतदानाच्या दहा-बारा दिवस आधी एक फोन, तीन दिवस आधी दुसरा. पहिल्या फोनवर प्रचार नको: यायचं ठरलंय का, रजा मिळते का, यादीत नाव आहे, हा अनुक्रमांक, हे केंद्र.

इथे एक मोठा खड्डा आहे. “पनवेलवरनं गाडी लावतो” हे वाक्य सर्रास ऐकू येतं. मतदाराला केंद्रावर फुकट आणण्या-नेण्यासाठी वाहन भाड्याने घेणं किंवा मिळवून देणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार आहे, आणि त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. स्वतःच्या खर्चाने एसटीने किंवा रेल्वेने आला तर हरकत नाही. गाडीची वेळ सांगा, गाडी देऊ नका.

लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मतदाराला घरून मत देता येतं. त्यासाठीचा नमुना १२ड अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. पहिल्या फेरीत अशी माणसं टिपून ठेवली नाहीत तर दुसऱ्या फेरीत मुदत संपलेली असते.

न करायच्या गोष्टी

पैसा, साडी, जेवणावळ, देवदर्शनाची सहल: देणारा आणि घेणारा दोघंही गुन्ह्यात येतात. जात-धर्माच्या नावाने मत मागणं, देवळात किंवा मशिदीत प्रचार करणं बंद. इथला खास प्रकार म्हणजे भंडारा उचलायला लावणं. पालीच्या खंडोबाची आण घेऊन मत बांधून घेतात. मत दिलं नाही तर देव कोपेल अशी भीती घालणं कायद्यात अनुचित दबाव ठरतं. शिवाय त्याचा उपयोगही नाही: दोन्हीकडचा भंडारा उचललेली गावं काही कमी नाहीत.

दुसरी फेरी आणि शेवटचे दोन दिवस

पहिली फेरी संपली की जोड्या बदलून २, ३ आणि भे एवढ्याच नावांकडे जा. नव्या जोडीने जुना आकडा न बघता स्वतःचा आकडा द्यावा. दोन्ही आकडे जुळत नाहीत त्या घरात उमेदवाराला किंवा त्याच्या घरच्यांना पाठवा. उमेदवाराचा वेळ सर्वांत महाग, तो आपल्याच पक्क्या घरांत चहा पिण्यात जातो.

मतदान संपण्याच्या आधीच्या ४८ तासांत सभा आणि लाऊडस्पीकर बंद होतात, आणि मतदारसंघाबाहेरून आलेल्या राजकीय कार्यकर्त्यांना बाहेर जावं लागतं. घरोघरी गाठीभेटी शांतपणे चालू शकतात, पण जमाव करायचा नाही. स्थानिक निवडणुकीत राज्य निवडणूक आयोगाचा आदेश लागू होतो, त्यातली प्रचार संपण्याची वेळ वाचूनच बाहेर पडा.

चिठ्ठ्या याच वेळी वाटायच्या. कोऱ्या पांढऱ्या कागदावर नाव, भाग, अनुक्रमांक, केंद्र, खोली. उमेदवाराचं नाव, चिन्ह, पक्ष काही नको. चिठ्ठी देताना ओळखपत्र विचारा. मतदार कार्ड सापडत नसेल तर आधार, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स यांतलं काहीही चालतं. चिठ्ठी ओळखपत्राच्या जागी चालत नाही, हे म्हाताऱ्या माणसांना दोनदा सांगा.

मतदानाच्या दिवशी केंद्राच्या १०० मीटरच्या आत प्रचार नाही, खिशाला बिल्लाही नाही. यादी घेऊन बाहेरच्या टेबलावर बसा आणि येतील तसे १ आणि २ खोडत जा. अकरा, एक आणि तीन वाजता राहिलेल्यांची नावं गल्लीवार वाचा आणि त्या दारात माणूस पाठवा. दुपारी तीनला जी नावं उरतात त्यांत आजारी माणूस असतो, रुसलेला असतो आणि “आपलंच हाय की” म्हणालेला असतो. आजाऱ्याला घरच्यांनी आणावं, रुसलेल्याकडे त्याच्या मानाचा माणूस जावा. तिसऱ्याकडे जाऊन नुसतं “आण्णा, झालं का मतदान?” एवढंच विचारा.

मतदान संपलं की सगळ्या याद्या एका जागी गोळा करा, झेरॉक्ससकट. कुणाच्या नावापुढे ५ लिहिलंय हे गावात फुटलं तर पाण्याच्या पाळीपासून पोरीच्या लग्नापर्यंत त्याचे पडसाद उमटतात. फोटो काढून ग्रुपवर टाकलेले असतील तर खोडायला लावा. मयत, दुबार, बाहेरगावी एवढी नावं वेगळ्या कागदावर उतरवून घ्या, पुढच्या यादी दुरुस्तीला लागतात. बाकीचे कागद दुसऱ्या दिवशी सकाळी बंबात घाला.